परोपजीवींचा संसार, लेखांक ७ : हिमसागरातील मासे आणि त्यांचे कृमी

गेल्या लेखांकात गुरांच्या यकृतातील पर्णकृमींची हकीकत वाचल्यावर, कृमी ही उष्ण प्रदेशातील चिखलाची आणि डबक्यांचीच निपज असावी, आणि जिथे पाणी गोठण्याच्या बेतात असते अशा ध्रुवप्रदेशीय समुद्रात त्यांना थारा नसावा, असा ग्रह पुष्कळ वाचकांचा झाला असेल तर त्यात नवल नाही. कारण थंडी म्हणजे स्वच्छता ही समजूत आपल्याकडे चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही पक्की रुजलेली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अंटार्क्टिकाभोवतीचे पाणी खारटपणामुळे शून्याखाली सुमारे १.९ अंशांपर्यंत द्रवरूप राहते, आणि त्या पाण्यातील माशाचे पोट चिरले असता यकृतावर आणि आतड्याच्या आवरणावर पांढुरके सूत्रकृमी घड्याळाच्या कमानीसारखे घट्ट वेटोळे घालून बसलेले आढळणे, हा तिथला परिपाठच आहे.

या वेटोळ्यांपैकी बरीचशी काँट्रासीकम नावाच्या प्रजातीची असतात. तिचा प्रौढ कृमी सीलच्या जठरात राहतो; मादीची अंडी सीलच्या विष्ठेबरोबर समुद्रात पडतात, त्यांतील डिंभ अरित्रपादासारख्या सूक्ष्म कवचधारी जिवाच्या पोटात जातो, त्या जिवाला लहान मासा खातो, लहान्याला मोठा खातो, आणि शेवटी मोठा मासा सीलच्या तोंडी पडला म्हणजे डिंभाला त्याचे हक्काचे घर मिळते. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की माशामाशांच्या या देवघेवीत डिंभ पचून जात नाही. खाणाऱ्याच्या आतड्याची भिंत भेदून तो पुन्हा वेटोळे घालतो आणि पुढल्या मुक्कामाची वाट पाहत वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. परिणामी मासा जितका वृद्ध आणि जितका खादाड, तितकी त्याच्या खाती कृमींची शिल्लक अधिक. आणि थंड समुद्रातील कित्येक मासे सावकाश वाढणारे व दीर्घायुषी असल्यामुळे ही शिल्लक फुगतच जाते. थंडीचा अंमल कृमीवर मुळीच चालत नाही असे मात्र नव्हे. याच कुळातील अॅनिसाकिसची अंडी कोमट पाण्यात आठवडाभरात फुटतात, तर गार पाण्यात त्यांना तीन-तीन आठवडे लागतात. थंडी विलंब लावते. मनाई करीत नाही.

आतल्या कृमींइतकेच बाहेरून चिकटणारे परोपजीवीही या समुद्रांत विलक्षण आहेत. अंटार्क्टिक समुद्रात हिममत्स्यांचे एक कुळ आहे. त्यांच्या रक्तात तांबडा रंगद्रव्यकण औषधालाही नाही, ते पाण्यासारखे वर्णहीन असते, आणि ही गोष्ट १९५४ साली नॉर्वेचे शास्त्रज्ञ रूड यांनी तपशीलवार सिद्ध केली. परंतु रक्ताचा रंग उडाला म्हणून जळवांनी काही त्याचा कंटाळा केलेला नाही, त्या या माशांच्या डोक्याला बिनदिक्कत चिकटलेल्या असतात. उत्तर ध्रुवाकडे ग्रीनलंडच्या शार्क माशाची अवस्था याहून शोचनीय. ओमॅटोकोइटा नावाच्या अरित्रपादाची मादी त्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्यात आपला नांगर रुतवते आणि जन्मभर तिथेच लोंबकळत राहते. तिच्या मागे अंड्यांच्या दोन लांबट पिशव्या पाण्यात हेलकावत असतात, आणि नांगराभोवतीचा पडदा हळूहळू गढूळ होऊन माशाची दृष्टी मंदावते. हा मासा किती जगतो याचा हिशेब २०१६ साली त्याच्या डोळ्याच्याच भिंगावरून लावण्यात आला, तेव्हा आयुर्मर्यादा किमान २७२ वर्षांची भरली. एवढे आयुष्य अर्धवट अंधत्वात काढावे लागूनही तो धष्टपुष्ट असतो, कारण काळोख्या खोल पाण्यात त्याची भिस्त मुख्यतः घ्राणेंद्रियावर असते. ही मादी अंधारात चमकते आणि शार्कसाठी भक्ष्य ओढून आणते, अशी एक कथा पुस्तकांतून फिरत असते. कथा सुरस आहे, पण तिला पुरावा नाही.

आता ध्रुवावरून हिंगोलीस येऊ. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे. तिथे सील नाही, देवमासा नाही, पाणीही कधी गोठण्याच्या वाटेला जात नाही. पण मासे गिळून पंख पसरीत वाळत बसणारे पाणकावळे आणि काठाने उभे असलेले बगळे आहेत, आणि एवढे भांडवल कृमीला पुरेसे होते. काँट्रासीकमच्याच काही जाती पाणकावळ्यासारख्या मत्स्यभक्षी पक्ष्यांत प्रौढ होतात, आणि भारतातील गोड्या पाण्यात मरळीच्या कुळातील माशांच्या पोटात त्यांचे डिंभ वेटोळे घालून बसलेले वारंवार सापडतात. सीलच्या जागी पक्षी आला. बाकी सारा कारभार, म्हणजे आधी सूक्ष्म कवचधारी, मग मासा, मग त्याहून मोठा भक्षक, जसाच्या तसा. कृमीचे भवितव्य हवामानावर ठरत नसून कोण कोणाला खातो यावर ठरते, हे या एका प्रजातीने दोन टोकांवरून जितके स्पष्ट दाखविले आहे तितके एखाद्या ग्रंथाने क्वचितच दाखविले असेल.

मराठी मुलखात मत्स्यकृमींचा अभ्यास जुना आहे. नागपूरच्या मोघे यांनी १९२५ साली मांगुराच्या आतड्यातील एक अखंड, खंडरहित पट्टकृमी वर्णिला, आणि मराठवाडा विद्यापीठात प्रा. गो. ब. शिंदे यांनी १९६८ साली मरळीच्या कुळातील माशातून पट्टकृमीची एक नवी प्रजाती जाहीर केली. त्यानंतरच्या काळात आपल्याकडे नव्या जातींची नावे भराभर दप्तरी दाखल झाली, इतकी की मांगुरातील या खंडरहित पट्टकृमींची २०११ साली फेरतपासणी झाली तेव्हा नावांच्या ढिगातून अवघ्या आठ जाती ग्राह्य ठरल्या. मोघे यांची जात त्या आठांत आहे. नाव देण्याची हौस समजण्यासारखी असली तरी, कृमी कोणत्या जिवातून कोणत्या जिवात जातो हे शोधण्याचे कष्ट त्या मानाने कमी घेतले गेले, असे मला वाटते. मांगुराचा हा कृमी चिखलातील बारीक गांडूळवर्गीय जिवांतून माशात येतो आणि माशातच प्रौढ होतो. माणसाशी त्याचे देणेघेणे नाही.

अॅनिसाकिसची गोष्ट तशी नाही. १९५५ साली हॉलंडमध्ये, अल्प मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा खाणाऱ्या एका रुग्णाच्या पोटशूळाचे कारण म्हणून हा डिंभ प्रथम ओळखला गेला. तो माणसाच्या पोटात प्रौढ होऊ शकत नाही, परंतु जठराच्या भिंतीत तोंड खुपसून काही तासांतच प्राणांतिक वाटाव्या अशा वेदना देतो. १९६८ पासून हेरिंग विकण्यापूर्वी गोठविण्याची सक्ती त्या देशाने कायद्यानेच केली. ध्रुवीय समुद्राची थंडी सोसणारा हा डिंभ शून्याखाली २० अंशांवर आठवडाभर ठेवला असता मरतो, आणि आतपर्यंत ६० अंश उष्णता पोहोचली तर मिनिटभरातच. त्यामुळे आपल्याकडचे तिखट कालवण चांगले रटरटले म्हणजे त्यास भिण्याचे कारण उरत नाही. घरच्या शीतकपाटाचा साधा कप्पा मात्र या कामी कुचकामी समजावा. शिवाय समुद्री मासा अख्खा आणला असेल तर त्याचे पोट आल्याबरोबर साफ करावे, संध्याकाळवर ढकलू नये. मासा मेल्यावर यातील काही डिंभ आतड्याभोवतीची जागा सोडून मांसात शिरतात.