पद्मिनीची पन्नाशी

प्रीमिअर पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये बाजारात आले. त्या हिशोबाने २०२४ मध्ये या गाडीने पन्नाशी गाठली. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना अशी तारीख म्हणजे पर्वणीच असते. गाड्या धुऊनपुसून, बंपरला चकाकी आणून रांगेत उभ्या करायच्या, बॉनेट उघडून एकमेकांची इंजिने न्याहाळायची, आणि कारखान्यातून निघाली तेव्हाच्या रूपाशी कोणाची गाडी जास्त इमान राखून आहे यावर तासन्‌तास वाद घालायचा. या हौसेत वाईट काहीच नाही. हौशी लोक नसते तर कित्येक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या. पण पद्मिनीच्या बाबतीत ही तारीख कच्ची आहे. १९७४ मध्ये नवी गाडी आली नव्हती, जुन्याच गाडीचे पुन्हा बारसे झाले होते. म्हणून पन्नाशी नेमकी कशाची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. गाडीची थोरवी तिच्या पहिल्या दिवसात नाही, नंतरच्या वर्षांत ती ज्यांनी चालती ठेवली त्यांच्या कामात आहे. हे ध्यानात घेतले नाही, तर सर्वांत कमी काम केलेल्या गाड्यांचाच उत्सव होत राहील.

आधी वंशावळ पाहू. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचे स्वप्न पाहिले आणि १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ अशा गाड्या जुळवल्या जात. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटचे सहकार्य मिळाले आणि फियाट ११०० ची एकेक आवृत्ती कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. पुढे जी पद्मिनी म्हणून ओळखली गेली ती मुळात ‘फियाट ११०० डी’. इटलीत ती १९६२ ची, आपल्याकडे १९६४ ची. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी काही काळ ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ होती आणि मग ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट, हा सांगाडा बहुतेक काळ तसाच राहिला. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ च्या सुमारास थांबले. आपल्याकडे तिच्या वंशजाने विसावे शतक जवळजवळ संपवले. म्हणजे साजरे करायला जन्मतारखा हव्या तितक्या आहेत. जी निवडावी तिच्यावर दुसरी हरकत घेईल.

तारखांच्या या गोंधळात एक गोष्ट मात्र पक्की आहे. ही गाडी सर्वांत जास्त राबली ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने, आणि राबताना ती बदलत गेली. डोक्यावर सामानाचा कॅरिअर आला, डाव्या बाजूला बाहेर मीटर आला. हवेच्या प्रदूषणावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढली गेली, त्यानंतर २००० च्या आगेमागे जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळावे लागले आणि डिकीत सीएनजीची टाकी बसली. खासगी गाड्यांचीही तीच तऱ्हा. उन्हाळ्यात चढावर इंजिन बंद पडले की ड्रायव्हर बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवी. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे सरकत नसे. फडक्याने पंप निवला की गाडी पुन्हा बोलू लागे. मिस्त्री डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतले पॉइंट पॉलिश पेपरने घासत, त्यांच्यातली फट पत्तीने मोजत, टॅपेट सेट करताना डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवत. इंजिनाचा ‘टकटक’ आवाज किती ठेवायचा आणि किती घालवायचा, हे गुरूच्या हाताखालीच कळे. कारखान्याने गाडी बनवली, पण तीस-चाळीस वर्षे ती टिकवली गॅरेजांनी.

आता कायदा कशाला किंमत देतो ते पाहा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, संशोधनासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. हा नियम मुंबईच्या टॅक्सी नियमाशेजारी ठेवून बघा. टॅक्सीच्या वयाची मर्यादा आधी २५ आणि मग २० वर्षांवर आणली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. म्हणजे टॅक्सीने विसाव्या वर्षी निवृत्त व्हायचे आणि वारसा मात्र पन्नासाव्या वर्षी सुरू होणार. मधली तीस वर्षे तिने काढायची कुठे, याची तरतूद दोन्ही नियमांत नाही. शिवाय सीएनजी बसवलेली, पत्रा दहा वेळा ठोकलेली, इंजिन बदललेली टॅक्सी ‘मूळ रूपा’च्या अटीवर कशी टिकणार? निदान एक पद्मिनी जतन करा, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने सरकारकडे केली होती. गाडी रस्त्यावरून उतरली तोवर त्या मागणीला यश आले नव्हते.

वय मोजायची दुसरी रीत शोधायला फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या हद्दीतली गोराई ओलांडली की लगेच ठाणे जिल्ह्यातले उत्तन लागते. रेल्वे गावापासून दूर, भाईंदरला. डोळ्यांसमोर समुद्र, आणि गावाची घडी बसवणारी गोष्ट म्हणजे मासेमारीच्या बोटी. डोल जाळे लावून बोंबील पकडणाऱ्या या बोटी १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढल्या जातात, पावसापासून वाचवण्यासाठी शाकारल्या जातात. मग फळ्या तपासायच्या, कुजलेली काढून नवी बसवायची, फटी बुजवायच्या, इंजिन खोलायचे, रंग काढायचा आणि हंगाम सुरू होताना प्रार्थना करून बोट पाण्यात लोटायची. लाकडी बोटीची कोणती फळी पहिल्या दिवसाची आणि कोणती कालची, याचे तांडेलाला सोयरसुतक नसते. बोट कोणत्या साली पाण्यात उतरली यापेक्षा यंदा ती पाण्यात जायला तयार आहे का, याला तिथे मोल आहे. उत्सव आहे तो हंगामाचा, आणि त्यात बोट दुरुस्त करणाऱ्या हातांचा वाटा गृहीतच धरलेला असतो. मोटारींच्या हौशी जगाने किनाऱ्यावरची हीच एक रीत उचलली तरी पुष्कळ होईल.

यावर पहिली हरकत जाणकारांचीच येईल. मूळ रूपाची अट सोडली तर उद्या कोणीही रंगीत दिवे आणि रुंद टायर लावून आपल्या गाडीला वारसा म्हणेल. शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर जगाने शोधून ठेवले आहे. ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद सांगते की, वाहन वापरात असताना झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचाच पुरावा आहे; ते पुसून गाडी कारखान्यातल्या पहिल्या दिवसाच्या रूपात नेलीच पाहिजे असे नाही. गंमत अशी की ही सनद ज्या शहराच्या नावाने ओळखली जाते, ते ट्युरिन फियाटचे माहेर. कामापायी झालेला बदल आणि हौसेपायी केलेला बदल यांतला फरक आपल्याकडे कागदावरही दाखवता येतो. सीएनजी बसवल्याची नोंद आरसी बुकात असते, टॅक्सीचा परवाना असतो, मीटर तपासल्याचा दाखला असतो. ज्या बदलाचा कागद आहे तो इतिहास. बाकीच्यांना खुशाल बाद करावे. लालबहादूर शास्त्रींची १९६४ ची फियाट दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आजही लोक पाहायला जातात, ते तिची हबकॅप मूळची आहे म्हणून नव्हे. १२,००० रुपयांच्या त्या गाडीसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचे कर्ज काढले होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी ललितादेवींनी ते फेडले, म्हणून. गाडीला अर्थ दिला तो मालकाच्या वागण्याने.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे. ही गाडी परवानाराजची लेक. ग्राहकाला वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, पर्याय जवळजवळ नव्हता, आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर लोकांनी आपला कौल लगेच दिला. मग हे कौतुक कशाला? खरे आहे, स्पर्धेविना चाललेल्या उत्पादनाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण नेमके म्हणूनच गाडी बाजारात आल्याची तारीख साजरी करू नये. तो दिवस कंपनीचा आहे. नवे मॉडेल मिळत नव्हते तेव्हा जुने चालवण्याची विद्या ज्यांनी उभी केली त्यांचा मान वेगळा, आणि टंचाईचे समर्थन न करताही तो देता येतो. तिसरी हरकत धुराची. जुने कार्ब्युरेटरचे इंजिन दर किलोमीटरला आजच्या इंजिनापेक्षा जास्त घाण ओकते, यात वाद नाही, आणि टॅक्सी म्हणून पद्मिनी परत यावी असे कोणी म्हणू नये. जतन करायच्या गाड्या मोजक्या, त्यांचे धावणे मोजके. व्हिंटेज नियमातली वापराची बंधने या बाबतीत योग्यच आहेत. बदलायला हवी ती मूळ रूपाची अट.

मग हौशी मंडळींनी करायचे काय? मेळावे भरवावेतच, पण बक्षिसांच्या यादीत सर्वांत चकचकीत गाडीशेजारी सर्वांत जास्त राबलेल्या गाडीलाही जागा द्यावी, आणि ते बक्षीस मालकाबरोबर तिच्या मिस्त्रीच्याही हाती ठेवावे. कार्ब्युरेटर जुळवणे, पॉइंटची फट ठरवणे, पत्रा ठोकून सरळ करणे ही कामे आयटीआयच्या मुलांसमोर करून दाखवावीत आणि त्यांचे चित्रण करून ठेवावे. आजच्या संगणकावर चालणाऱ्या इंजिनांत ती शिकायची सोय नाही आणि जाणणारे हात म्हातारे होत चालले आहेत. सरकारकडे मागणी करायची तर एकच करावी, व्यवसायात राबलेल्या वाहनांसाठी वेगळा वर्ग. त्यात कागदोपत्री नोंद असलेले बदल मान्य असावेत आणि पन्नास वर्षांची वाट पाहण्याची सक्ती नसावी. फिवा तीस वर्षांवर समाधान मानते. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात मुंबईच्या टॅक्सींच्या सीटना आणि छताला तरुण डिझायनरांनी नक्षीचे कापड चढवले. पन्नास वर्षांची अट लावली तर असे काम जतन होण्याआधीच विरून जाईल. तारीख हवीच असेल तर १९६४ किंवा १९७४ चा घोळ सोडून ३० ऑक्टोबर निवडावी. शेवटची टॅक्सी उतरल्याचा हा दिवस कारखान्याने ठरवलेला नाही. तो या गाडीच्या जवळजवळ साठ वर्षांच्या कामाचा आहे, आणि त्या दिवशी बोलावण्याच्या पाहुण्यांत पहिला मान गॅरेजवाल्यांचा असावा.