कापडावर लिहिणारं गाव

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत एक कापड आहे. ४० फूट लांब, ४ फूट रुंद. जाडसर, सुती, हातमागावर विणलेलं. थंडीत अंगावर ओढायच्या अशा कापडाला आपल्याकडे पासोडी म्हणतात. या पासोडीवर एका माणसानं सुमारे १६०० ओव्या लिहिल्या. म्हणजे चौरस फुटाला दहा ओव्या. तो माणूस म्हणजे संतकवी दासोपंत, १६१५ साली गेला. आज चारशेहून अधिक वर्षं झाली तरी कापड टिकून आहे, अक्षरंही टिकून आहेत. दासोपंतांच्या वंशजांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दासोपंतांच्या वाट्याला दोन-तीन पानं येतात. १५५१चा जन्म, बिदरच्या बाजूचे नारायणपेठ हे गाव, दत्तभक्ती, एकनाथांचे समकालीन. पण त्यांच्या लिखाणाचा आकडा समोर ठेवला की छाती दडपते. ‘गीतार्णव’ या एकाच ग्रंथाच्या ओव्या सव्वा लाख असल्याचं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. म्हणजे ही गीतेवरची टीका ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ चौदापट. रोज दहा ओव्या लिहायच्या म्हटलं, एकही दिवस खाडा न करता, तरी ३४ वर्षं लागतील. दासोपंत जगलेच ६४ वर्षं, आणि हा त्यांचा एकच ग्रंथ. रोज एक ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची अशी आठवण अंबाजोगाईत सांगतात. वर मांडलेला हिशेब पाहिला की ती आठवण अतिशयोक्तीची वाटत नाही.

मग प्रश्न पडतो, कागद वापरणाऱ्या या माणसाला कापड का लागलं?

पासोडीचा विषय आहे पंचीकरण. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच सूक्ष्म तत्त्वं एकमेकांत मिसळून हे डोळ्यांना दिसणारं जग कसं घडतं, याचं वेदान्तातलं गणित. प्रत्येक तत्त्वाचे दोन अर्धे करायचे. एक अर्धा तसाच ठेवायचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून उरलेल्या चार तत्त्वांना एकेक द्यायचा. म्हणजे आपण ज्याला पाणी म्हणतो त्यात अर्धं पाणी, आणि बाकी चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. बेरीज बरोबर एक भरते. हे सगळं एका वेळी नजरेसमोर असलं तरच नीट कळतं. पोथीचं पान उलटलं की मागचं पान डोळ्याआड जातं. कापड मात्र पसरता येतं, माणसं त्याच्या कडेनं बसू शकतात, बोट ठेवून दाखवता येतं. मला वाटतं दासोपंतांना शिकवायचं होतं, आणि म्हणून त्यांनी पान टाकून पासोडी घेतली.

अक्षरं टिकली त्यामागे आपल्या जुन्या शाईचं शहाणपण आहे. पोथ्यांची काळी शाई दिव्याच्या काजळीची, डिंकात खललेली. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. तो हवेशी, उजेडाशी सहसा कुठलीच रासायनिक क्रिया करत नाही, म्हणून फिका पडत नाही. पाणी आणि वाळवी यांच्यापासून वाचवलं तर अशी अक्षरं शतकानुशतकं काळीच राहतात. वाचवणारं घर मात्र लागतं.

बीड म्हटलं की महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आठवतात. ते खरंच आहे, आणि त्यावर बोलायलाच हवं. पण याच जिल्ह्यात माणसांनी मिळेल त्यावर लिहून ठेवलं आहे: कापडावर, दगडावर, तांब्यावर. तीर्थयात्रा करणारे इथे येतात, दर्शन घेतात आणि ही अक्षरं न पाहता परत जातात. ती पाहण्यासाठी या जिल्ह्याची एक सावकाश फेरी करावी, एवढ्याचसाठी हा लेख.

अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगररांगेत, जयंती नदीच्या काठी आहे. इथली योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक चित्तपावन घराण्यांची कुलदेवता. समुद्रकाठची माणसं कुलधर्मासाठी एवढ्या आत, मराठवाड्याच्या पठारावर का येतात, याचं उत्तर लोककथा देते. देवी कोकणातली, तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड इथवर आलं आणि मुहूर्त टळला. देवी परतली नाही, इथेच राहिली. आणि वऱ्हाड? ते दगडाचं झालं.

ते दगडाचं वऱ्हाड पाहायला मिळतं. गावालगत नदीकाठी खडकात कोरलेलं लेणं आहे, लोक त्याला हत्तीखाना म्हणतात. मोकळ्या अंगणात दगडी हत्ती उभे आहेत, मध्ये नंदीचा मंडप आहे, आणि समोर खांबांच्या रांगांनी तोललेली प्रशस्त ओसरी आहे. भिंतींवर शिव, गणेश, सप्तमातृका. हे यादवांच्याही आधीचं काम. आता नीट विचार करा. हे हत्ती बाहेरून आणून ठेवलेले नाहीत. अंगण आहे तिथे पूर्वी सलग बेसाल्ट होता, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. कारागीर वरून खाली उतरत गेले आणि नको तो दगड काढत गेले. हत्ती जिथे हवा तिथे त्यांनी तेवढा खडक सोडला. वरून पहिला घाव घालताना हत्तीची पाठ कुठे, सोंड कुठे, खांब कुठे, हे सगळं मनात पक्कं असायला हवं, कारण काढलेला दगड परत चिकटवता येत नाही.

ही विद्या इथे अचानक आली नाही. सह्याद्रीत भाजे, कार्ले इथे बौद्ध भिक्खूंसाठी इसवी सनाच्या आगेमागे कोरलेली लेणी, मग अजिंठा, मग वेरूळ, जिथे बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात शेजारी नांदतात. हत्तीखाना हा त्याच वंशातला एक उशिराचा, फारसा न पाहिला गेलेला पुरुष. भिक्खूंच्या विहारासाठी घडलेला हात पुढे शिवाच्या मंडपासाठी चालला, छिन्नी तीच राहिली.

हत्तीखान्यापेक्षाही माझं मन जिथे अडकतं ती जागा म्हणजे खोलेश्वराचं देऊळ. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती, गुजरातपर्यंत लढलेला. त्याचे आणि त्याच्या घराण्याचे शिलालेख या गावात सापडले, आणि ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी ते वाचले. एक लेख शके ११५०चा, म्हणजे १२२८ सालचा, सकलेश्वराच्या देवळातला. या देवळाला लोक बाराखांबी म्हणतात. दुसरा शके ११६२चा, म्हणजे १२४०चा. त्यात एक घरातली गोष्ट आहे. खोलेश्वराचा मुलगा राम नर्मदेच्या लढाईत मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी, तिनं भावाच्या स्मरणार्थ इथे देऊळ बांधलं आणि तसं दगडावर कोरून ठेवलं. आठशे वर्षांपूर्वीची एक मराठवाड्यातली बहीण, तिचं नाव, तिच्या भावाचं नाव आणि तिचं दुःख आपल्याला माहीत आहे, ते केवळ त्या दगडामुळे. त्या काळातल्या किती स्त्रियांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? त्यातही स्वतः देऊळ उभारणाऱ्या किती?

बाराखांबीच्या आवारात २०२५च्या सुरुवातीला राज्य पुरातत्त्व विभागानं उत्खनन केलं तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये उघडे झाले. म्हणजे आज आपण पाहतो ते उरलेलं आहे. मूळचं संकुल केवढं होतं याचा अंदाज आता कुठे येऊ लागला आहे.

गावाबाहेर जयंतीच्या दरीवर मुकुंदराजांची समाधी दाखवतात. ‘विवेकसिंधू’चे कर्ते म्हणून त्यांना मराठीचे आद्यकवी मानतात, आणि ग्रंथाचं साल परंपरेनं शके १११० धरलं जातं. त्यांच्या काळाबद्दल आणि स्थळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, विदर्भातलं अंभोरेही त्यांच्यावर हक्क सांगतं. वाद मिटो न मिटो, त्या कड्यावर उभं राहून खालची दरी जरूर पाहावी.

आता तांबं. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी नावाचं गाव आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, ती तूट साठत जाते आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना वाढवावा लागतो. तो अधिक मास, पुरुषोत्तम मास. त्या महिन्यात या गावाला महिनाभर माणसांचा पूर येतो, एरवी ते शांत असतं. या गावात रामचंद्र यादवाचा ताम्रपट मिळाला, शके १२३२चा, म्हणजे १३१० सालचा. त्याचा मंत्री पुरुषोत्तम याला दिलेल्या अग्रहाराची, म्हणजे दान दिलेल्या गावाची, ती सनद. यादवांची वंशावळ, राजाचे पराक्रम, अगदी काशीपर्यंतचे दावे त्यात आहेत. आणि साल पाहा. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मलिक काफूरनं रामचंद्राला दिल्लीला नेऊन मांडलिक करून परत पाठवलं त्याला तीन वर्षं झाली होती. राजा पुढच्याच वर्षी गेला. राज्य मोडकळीला आलेलं असताना कोणीतरी शांतपणे तांब्यावर वंशावळ कोरत होता, दान कायम राहावं म्हणून. राज्य राहिलं नाही. गाव आहे, गावाचं नाव आहे.

इथल्या देवळाचं आणखी एक नवल म्हणजे त्याच्या विटा. त्या पाण्यात टाकल्या तर तरंगतात. यात चमत्कार नाही, आणि नाही म्हणूनच मला ते जास्त थोर वाटतं. मातीत तूस, भुसा असा जळणारा पदार्थ मिसळून वीट भाजली की तो जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. भाकरी चांगली फुगली की हातात हलकी लागते, तसंच. वीट पाण्यापेक्षा हलकी झाली की तरंगणारच. तेलंगणातल्या १२१३च्या रामप्पा मंदिराचं शिखरही अशाच विटांचं आहे. गोदेकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर वरचा भार जितका कमी तितकं बांधकाम निर्धास्त.

विटांच्या मागे मागे गेलं की आपण बौद्ध काळात पोचतो. नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेघ मारा. बीड शहर त्या रेघेच्या जवळजवळ मधोमध येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये या दोन्ही नगरांची नावं आहेत, पैठण आणि तगर, म्हणजे तेर. इथला माल गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून रोमपर्यंत. तेरचं त्रिविक्रम मंदिर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे, पण अंबाजोगाईपर्यंत आलेल्यानं ते चुकवू नये. त्याचा मागचा भाग अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छत, आणि सगळं विटांचं. अनेक अभ्यासकांच्या मते हे मूळचं बौद्ध चैत्यगृह. स्तूपाला प्रदक्षिणा घालण्यासाठी भिंत वळवलेली होती, आज त्याच वळणात विष्णूचा त्रिविक्रम उभा आहे. देव बदलला, प्रार्थना थांबली नाही. तिथल्याच लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य सांगणारी हस्तिदंती मूर्ती इटलीत सापडली, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात.

परळीबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण तिथे सगळेच जातात. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं वैजनाथाचं देऊळ, अंबाजोगाईपासून पंचवीसेक किलोमीटरवर. पण त्या बाजूला जाणाऱ्यानं धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर पाहावं. त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी पाहून पुढे जाववत नाही. आणि बीड शहरात दोन जागा पाण्याच्या आहेत: तळ्याच्या मध्ये उभं असलेलं कंकालेश्वर, आणि शहराबाहेरची खजाना विहीर, १५८२ची, निजामशाहीतल्या सलाबत खानाच्या काळातली, राजा भास्कर या स्थपतीनं आखलेली. भुयारांनी पाणी येतं, भुयारानंच बाहेर शेतांकडे जातं, आणि ठरावीक पातळीवर बाहेरची वाट असल्यामुळे विहिरीतलं पाणी त्या पातळीवर धरून राहतं.

शेवटी एक विनंती. शिलालेख वाचायचा तर संशोधक दगड स्वच्छ करतात, त्यावर ओला कागद बसवतात, ब्रशनं ठोकून तो खोलगट अक्षरांत दाबतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात. शाई उंच भागावर लागते, अक्षरं पांढरी राहतात. असे ठसे घेता आले म्हणून लक्ष्मीचं नाव आपल्याला कळलं. अक्षरांत शेंदूर, तेल किंवा ऑइलपेंटचा थर भरला की कागद आत जात नाही आणि लेख मुका होतो. मराठवाड्यातल्या कितीतरी देवळांत श्रद्धेनंच हे घडलं आहे. तेव्हा जिथे जाल तिथे कोरलेल्या दगडावर काही फासू नका, फासणारा दिसला तर हात जोडून समजावून सांगा, आणि तुमच्या गावात असा न वाचलेला दगड असेल तर त्याचा फोटो काढून राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.