खाल्ले किती, पचले किती?

‘मुलाला दूधतूप सारे देते, पण अंगी काही लागत नाही!’ ही तक्रार कोणत्या घरात ऐकू येत नाही? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात तळी बांधून कॅटफिश पाळणाऱ्या शेतकऱ्यांचीही चिंता नेमकी हीच. तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा असलेला हा गोड्या पाण्यातला मासा म्हणजे आपल्या मांगुराचा दूरचा नातलग. 1960 नंतर तेथे त्याची शेती वाढली. तिच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा. तेव्हा पोत्यावर प्रथिने शेकडा 28 लिहिली आहेत की 32, एवढे पाहून भागत नाही. त्यांतली माशाला पचतात किती, हे पाहावे लागते.

पण पाण्यातल्या जिवाचे पचन मोजायचे कसे? शास्त्रज्ञांची युक्ती मोठी मजेदार आहे. खाद्यात क्रोमिक ऑक्साइडची हिरवी पूड मिसळतात. ही पूड मुळीच पचत नाही. पोटात गेली तशीच बाहेर पडते. समजा, कोरड्या खाद्यात ती शेकडा 1 होती आणि वाळवलेल्या विष्ठेत शेकडा 4 भरली, तर खाद्याचे चारांपैकी तीन भाग पचले, हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल.

माशालाही अन्न शिजवलेलेच मानवते! कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर, पण त्यांचे पचन अडवणारे द्रव्यही त्यातच असते. उष्णतेने ते निकामी होते. मक्यातले पिष्टही शिजवल्यावर अधिक पचते. म्हणून कारखान्यात खाद्य वाफेने शिजवून, दाबाने फुगवून त्याच्या तरंगत्या गोळ्या करतात. धान्यातला बराचसा फॉस्फरस मात्र फायटेट या द्रव्यात अडकलेला असतो. तो सोडवण्याचे साधन माशाजवळ नाही. त्यासाठी खाद्यात फायटेज नावाचे विकर घालावे लागते.

आणि जे पचत नाही, ते जाते कोठे? त्याच तळ्यात! तेथे ते कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. फॉस्फरसवर शेवाळ माजते आणि रात्री तेही प्राणवायू ओढू लागते. पाणी घुसळणारी यंत्रे वेळेवर सुरू केली नाहीत, तर पहाटेपर्यंत मासे गुदमरून तळ्यावर तरंगू लागतात.

स्वस्त म्हणून घेतलेले अपचनीय खाद्य असे दुहेरी महाग पडते: एकदा दुकानात आणि पुन्हा तळ्यात!