दोन लढतींमधील वजनवाढ आणि मुष्टियोद्ध्याची कारकीर्द

प्रस्तावना

मुष्टियुद्धाविषयीच्या लेखनात ठोशांची ताकद, पदन्यास, बचाव आणि प्रशिक्षकाचे डावपेच यांची भरपूर चर्चा आढळते. त्या मानाने दोन लढतींच्या मधला काळ उपेक्षितच राहिला आहे. नामवंत व्यावसायिक मुष्टियोद्धा वर्षातून जेमतेम दोन-तीन वेळा रिंगणात उतरतो. प्रत्येक लढतीपूर्वी आठ ते बारा आठवड्यांचे सराव शिबिर असते. उरलेले महिने त्याचे स्वतःचे असतात. या महिन्यांत त्याने काय खाल्ले, किती प्याला आणि त्याचे वजन कोठवर गेले, याची नोंद कोणत्याही अधिकृत तक्त्यात होत नाही. परिणाम मात्र पुढच्या लढतीत आणि पुढील आयुष्यातही दिसतात. ही वजनवाढ कारकिर्दीवर नेमकी कोणत्या मार्गाने परिणाम करते, हे काही ज्ञात उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिकी हॅटन

या विषयात इंग्लंडमधील मँचेस्टरचा रिकी हॅटन (१९७८–२०२५) याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ५ जून २००५ रोजी त्याने कोस्त्या झ्यू या मातब्बर विजेत्याला हरवून १४० पौंड, म्हणजे सुमारे ६३.५ किलो, वजनगटाचे आयबीएफ विजेतेपद मिळविले. अकराव्या फेरीनंतर झ्यू बाकावरून उठलाच नाही. लढतींच्या मधल्या काळात मात्र हॅटनचे वजन मर्यादेपेक्षा चाळीस पौंडांपर्यंत वाढत असे, असे इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी वारंवार नमूद केले आहे. लोकांनी त्याच्या नावाची मोडतोड करून ‘रिकी फॅटन’ असे नाव पाडले. त्यानेही ते हसून स्वीकारले. एकदा तर तो लठ्ठपणाचा फुगीर पोशाख घालून रिंगणात अवतरला. त्याच्या लोकप्रियतेत या मोकळेपणाचा वाटा मोठा होता, हे मान्यच करावे लागेल.

परंतु या विनोदामागचे गणित पाहण्यासारखे आहे. चाळीस पौंड म्हणजे साधारण १८ किलो. बारा आठवड्यांत ते उतरवायचे तर आठवड्याला दीड किलो घट हवी. शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा साठलेली असते. त्या हिशेबाने दररोज अंदाजे १,६५० कॅलरींची तूट सोसावी लागते, आणि तीही दिवसातून दोन वेळा कठोर सराव करीत असताना. एवढ्या तुटीत शरीर केवळ मेद जाळत नाही. स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडतात. स्नायूंमधील ग्लायकोजेनचा साठा आटतो आणि त्याच्याबरोबर बांधलेले पाणीही जाते. सुरुवातीला काटा झपाट्याने खाली येतो तो बराचसा यामुळेच. थकलेल्या शरीराला नवे डाव शिकवणे अवघड असते. अशा शिबिराचे स्वरूप मुष्टियुद्धाच्या तयारीपेक्षा वजन उतरवण्याच्या मोहिमेसारखे होते, आणि माझ्या मते वजनवाढीचे सर्वांत मोठे नुकसान हेच. ते काट्यावर कधीच दिसत नाही.

हॅटन ८ डिसेंबर २००७ रोजी लास व्हेगास येथे फ्लॉइड मेवेदरकडून दहाव्या फेरीत पराभूत झाला. २ मे २००९ रोजी मॅनी पॅक्वियावने त्याला दुसऱ्याच फेरीत बाद केले. या दोन्ही पराभवांचे खापर वजनावर फोडणे योग्य होणार नाही. मेवेदर आणि पॅक्वियाव हे त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ दोघे होते, शिवाय मेवेदरविरुद्धची लढत १४७ पौंडांच्या वरच्या गटात झाली होती. एवढे मात्र म्हणता येईल की तिशी ओलांडण्याच्या सुमारास, ज्या वयात काही मुष्टियोद्धे परिपक्व होऊ लागतात, त्या वयात हॅटनची कारकीर्द उतरणीला लागली.

वजनमापनाची वेळ

पूर्वी वजनमापन लढतीच्याच दिवशी होत असे. १९८० च्या दशकात ते आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रूढ झाली. खेळाडूने निर्जलीकरण झालेल्या अवस्थेत रिंगणात उतरू नये, हा त्यामागील सद्हेतू होता. परिणाम उलटाच झाला. मध्ये एक दिवस मिळतो म्हटल्यावर अधिक पाणी घालवून अधिक खालच्या गटात लढण्याचा मोह वाढला. घाम काढून रक्तद्रव घटवला की हृदयाला त्याच कामासाठी अधिक ठोके द्यावे लागतात, शरीराचे तापमान लवकर चढते आणि दमसास कमी होतो. एका रात्रीत पाणी प्यायल्याने वजन भरून येते. ग्लायकोजेन आणि पेशींमधील जलसंतुलन तितक्या लवकर पूर्ववत होतेच असे नाही. आयबीएफ या संघटनेने विजेतेपदाच्या लढतींसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेऊन मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून अधिक वाढ नसावी, असा नियम केला तो याच कारणाने. मधल्या काळात ज्याचे वजन फार वाढलेले असते, त्याला मेद उतरवायला वेळ अपुरा पडतो आणि उरलेले पौंड पाण्यातूनच काढावे लागतात. महिनोन्‌महिन्यांची ढिलाई अशा रीतीने शेवटच्या ४८ तासांवर येऊन पडते.

कधी तेही साधत नाही. मेक्सिकोचा होसे लुइस कास्तियो ऑक्टोबर २००५ मध्ये दिएगो कोरालेसविरुद्धच्या दुसऱ्या लढतीपूर्वी १३५ पौंडांच्या मर्यादेपेक्षा साडेतीन पौंड अधिक भरला. त्याने लढत जिंकली, पण विजेतेपद त्याला मिळू शकले नाही. जून २००६ मध्ये तिसऱ्या लढतीपूर्वी तो पुन्हा साडेचार पौंड अधिक भरला आणि लढतच रद्द झाली. पुढे २००७ मध्ये याच कास्तियोला १४० पौंडांच्या गटात हॅटनने बरगडीखालील एका ठोशाने चौथ्या फेरीत संपवले.

प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलेले शस्त्र

पनामाचा रॉबर्टो दुरान आणि अमेरिकेचा शुगर रे लिओनार्ड यांची पहिली लढत २० जून १९८० रोजी माँट्रियलला झाली. ती दुरानने गुणांवर जिंकली. नंतर तो मायदेशी मेजवान्यांत रमला आणि त्याचे वजन बेसुमार वाढले. लिओनार्डने हे हेरून परतीची लढत लवकरात लवकर ठरवण्याचा आग्रह धरला. ही आपली योजनाच होती, असे त्याने पुढे उघडपणे सांगितले आहे. पाचच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर रोजी न्यू ऑर्लिन्स येथे, आठव्या फेरीत दुरानने पाठ फिरवली आणि लढत सोडून दिली. वजनमापनानंतर भरपेट खाल्ल्याने पोटात कळा आल्या, असे त्याने कारण दिले. ते खरे असो वा नसो, त्या सायंकाळचा डाग त्याच्या नावावर कायमचा राहिला.

मात्र दुरानचे उदाहरण एकेरी नाही. तोच १९८९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, इरान बार्कलीला हरवून १६० पौंडांच्या गटात विजेता झाला. एकेकाळी १३५ पौंडांवर लढणारा माणूस वयानुसार वरच्या गटांत गेला आणि तेथेही टिकला. वजन वाढणे आणि वजन वर-खाली होत राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

वजनाची कमाल मर्यादाच नसलेल्या हेवीवेट गटाकडे पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नियमाची अडचण हेच एकमेव कारण असते, तर या गटात वजनवाढीने काही बिघडू नये. प्रत्यक्षात जेम्स ‘बस्टर’ डग्लसने ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत माइक टायसनला हरवले तेव्हा त्याचे वजन सुमारे २३१ पौंड होते. आठ महिन्यांनी इव्हँडर होलीफिल्डसमोर तो २४६ पौंडांचा होऊन आला आणि तिसऱ्या फेरीत बाद झाला. अँडी रुइझने १ जून २०१९ रोजी अँथनी जोशुआला हरवले तेव्हा तो २६८ पौंडांचा, म्हणजे स्थूलच होता, तरीही जिंकला. डिसेंबरातील परतीच्या लढतीत तो २८३ पौंडांवर गेला आणि गुणांवर हरला. विजयानंतरचे महिने मौजमजेत गेले आणि सराव झाला नाही, अशी कबुली त्याने स्वतःच दिली. म्हणजे अशा ठिकाणी वाढलेले वजन हे बुडालेल्या सरावाचे लक्षण असते.

शरीराची स्मृती

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अँसेल कीज यांनी अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ स्वयंसेवकांवर अर्धपोटी आहाराचा प्रयोग केला. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटले. पुन्हा आहार सुरू झाल्यावर मेद स्नायूंपेक्षा लवकर परतला आणि काहींच्या बाबतीत पूर्वीपेक्षाही वाढला. मुष्टियोद्ध्याचे शरीर हाच प्रयोग वर्षातून दोनदा स्वतःवर करीत असते.

दीर्घकालीन परिणामांविषयी फिनलंडमधील २००६ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. १९२० ते १९६५ या काळात देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या पुरुष खेळाडूंचा त्यात मागोवा घेतला होता. मुष्टियोद्धे, कुस्तीगीर व भारोत्तोलक, म्हणजे वजन वर-खाली करणारे, यांचा शरीरवस्तुमान निर्देशांक विसाव्या वर्षापासून कमाल वजनापर्यंत सरासरी ५.२ एककांनी वाढला. इतर खेळाडूंत ही वाढ ३.३ होती, तर खेळाडू नसलेल्या तुलनागटात ४.४. वजनगटातील खेळाडू कधीही न खेळलेल्यांपेक्षाही अधिक स्थूल झाले, ही बाब विचार करायला लावणारी आहे. अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

याउलट अमेरिकेचा बर्नार्ड हॉपकिन्स वर्षभर आपल्या गटाच्या वजनाजवळच राहत असे. २०११ मध्ये, ४६ व्या वर्षी, त्याने जाँ पास्कालला हरवून जागतिक विजेतेपद मिळविले आणि २०१३ मध्ये, ४८ व्या वर्षी, पुन्हा एकदा.

आपल्याकडील संदर्भ

हौशी मुष्टियुद्धात लढतीच्या दिवशीच सकाळी वजन घेतले जाते, त्यामुळे पाण्याच्या खेळाला वाव कमी असतो. पण तो नाहीसा होत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलंडमध्ये पोहोचलेल्या मेरी कोमला काही तासांत सुमारे दोन किलो उतरवावे लागले आणि त्यासाठी तिने तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या. कुस्तीत, ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस येथे, विनेश फोगाट अवघ्या १०० ग्रॅमनी अपात्र ठरली. आंतरमहाविद्यालयीन कुस्ती व मुष्टियुद्ध स्पर्धांच्या आदल्या रात्री उपाशी राहणारे, अंगावर जाड कपडे चढवून मैदानाला फेऱ्या मारणारे विद्यार्थी शारीरिक शिक्षण विभागातील सहकाऱ्यांना अपरिचित नाहीत. या विद्यार्थ्यांचे वजन आपण स्पर्धेच्या सकाळी पाहतो. जून ते सप्टेंबर या काळात महिन्यातून एकदा त्याची नोंद ठेवायला एक काटा आणि एक वही पुरते.