पोहणे, सायकल आणि धावणे : उत्साहाला हवी हिशेबाची जोड

सकाळी फिरायला जाणाऱ्यांची संख्या आता लहान गावांतूनही वाढली आहे. फिरणाऱ्यांपैकी काहीजण हळूहळू धावू लागतात. गुडघे कुरकुरू लागले की त्यांच्यापैकी काहीजण सायकल घेतात. मग एखाद्या दिवशी कट्ट्यावर कोणीतरी ‘ट्रायथलॉन’चा विषय काढतो आणि चार मित्र पैजेवर नाव नोंदवून मोकळे होतात. उत्साह चांगलाच आहे. मात्र हा खेळ नुसत्या उत्साहावर चालत नाही. आपली ताकद किती, हाताशी वेळ किती आणि स्पर्धेतून आपल्याला काय मिळवायचे आहे, याचा विचार अगोदर झाला नाही तर पदकाऐवजी दुखणे पदरी पडते.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करायचे, ही ट्रायथलॉन. कपडे व बूट बदलण्यात जाणारा वेळही एकूण वेळेत धरला जातो. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा दमदार कोण, या वादातून अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी हवाई बेटांवर ‘आयर्नमॅन’ स्पर्धा सुरू केली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. विजेत्या गॉर्डन हॅलर यांना पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पुढे २००० साली सिडनी येथे ट्रायथलॉनला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

अनेकांचा समज असा की ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅनच. तसे नाही. यात पायऱ्या आहेत. सर्वांत सोयीची पायरी म्हणजे ‘स्प्रिंट’ : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. ऑलिंपिकची अंतरे याच्या बरोबर दुप्पट. त्यापुढे अर्धी आयर्नमॅन : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. गोव्यात २०१९ साली प्रथम भरलेली स्पर्धा या अंतराची होती. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे या अर्ध्याची दुप्पट. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे ती सव्वापंधरा तासांच्या आसपास पूर्ण केली. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पण ते लहानपणापासून पोहणारे आणि एकेकाळचे राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू होते, हेही ध्यानात ठेवावे.

अगोदर तपासणी

वय चाळीसच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेटची सवय असेल, अथवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. गरजेप्रमाणे ते हृदयाचा आलेख व ट्रेडमिल चाचणी सुचवतील. मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाच्या दिवशी मात्रा कशी ठेवावी हे विचारून घ्यावे. पाण्यात असताना साखर एकदम उतरली तर जिवावर बेतू शकते.

ही काळजी अनाठायी नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांत १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना अभ्यासकांनी तपासल्या. अशा १३५ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. बळींत पुरुष फार मोठ्या संख्येने होते आणि सरासरी वय ४७च्या जवळपास होते. भाग घेणाऱ्यांच्या एकूण संख्येच्या मानाने हे प्रमाण लाखात दोनाहूनही कमी आहे. म्हणजे घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. पण सरावात छातीत दुखणे, चक्कर येणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे असे काही जाणवले तर ‘होईल बरे’ म्हणून पुढे रेटू नये. तेथेच थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

विहिरीतले पोहणे आणि स्पर्धेतले पोहणे

आपल्याकडे पुष्कळजण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात. पाण्याची भीती नाही, ही मोठीच जमेची बाजू. परंतु विहिरीत डुंबणे वेगळे आणि न थांबता ७५० मीटर जाणे वेगळे. श्वास पाण्यात सोडून डोके बाजूला वळवून घेण्याची सवय लागली नाही तर शंभर मीटरमध्येच दम संपतो. ताकद वाढवण्यापेक्षा येथे पद्धत सुधारणे अधिक उपयोगी पडते. त्यासाठी जाणकार शिक्षक शोधावा. ज्याला पोहता येत नाही त्याने स्पर्धेची तारीख धरण्यापूर्वी पोहणे शिकण्यालाच दोन-तीन महिने द्यावेत.

तलावात प्रत्येक फेरीला भिंत मिळते. नदीत, धरणात किंवा समुद्रात ती नसते, तळ दिसत नाही आणि शेजाऱ्याचे हातपाय लागतात. म्हणून उघड्या पाण्यातला सराव स्पर्धेपूर्वी काही वेळा तरी करायलाच हवा. मात्र तो परवानगी असलेल्या जागीच, सोबत होडी किंवा निष्णात पोहणारा ठेवून करावा. एकट्याने धरणात उतरणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

आठवडा कसा आखावा?

ज्याला अर्धा तास सलग पळता येते आणि थोडेफार पोहता येते अशा माणसाला ‘स्प्रिंट’साठी सुमारे १२ आठवडे पुरतात. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला चार ते पाच तास काढावेत. पोहणे दोनदा, सायकल दोनदा, धावणे दोनदा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, असा साधा आराखडा ठेवावा.

बहुतेक सराव बोलता बोलता करता येईल इतक्याच जोरात असावा. धापेमुळे वाक्य पूर्ण होत नसेल तर वेग जास्त झाला असे समजावे. जोराचा सराव आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. अंतर एकदम वाढवू नये. या आठवड्यात १० किलोमीटर धावलात तर पुढच्या आठवड्यात ११, एकदम १५ नव्हे. प्रत्येक चौथा आठवडा हलका ठेवावा. नडगी, टाच आणि गुडघ्याची बहुतेक दुखणी घाईतून येतात.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा जोडसराव दर आठवड्याला एकदा करावा. पहिल्यांदा पाय लाकडासारखे वाटतात. दहा मिनिटांचा जोडसरावही पायांना ही सवय लावतो. सायकल महागडी असण्याची गरज नाही. ब्रेक, टायर आणि चेन नीट असलेली साधी सायकल पहिल्या स्पर्धेला चालते. हेल्मेट मात्र हवेच. पहाटे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि मालट्रक असतात, त्यामुळे मागे लाल दिवा आणि अंगात भडक रंगाचा शर्ट असावा.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजण्याची सवय ठेवावी. ती रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त भरली, झोप नीट लागत नसेल किंवा विनाकारण चिडचिड होत असेल, तर शरीर विश्रांती मागत आहे असे समजावे. ताप असताना सराव करू नये.

वेळेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा : ध्येय किती ठेवावे? मित्राने दोन तासांत स्पर्धा संपवली म्हणून आपणही तेवढ्याच वेळात संपवू, हे ध्येय नव्हे. ध्येय आपल्याच सरावाच्या वहीतून निघाले पाहिजे.

समजा, एक गृहस्थ तलावात १०० मीटर २ मिनिटे ४० सेकंदांत, दमछाक न होता पोहतात. त्या वेगाने ७५० मीटरला २० मिनिटे होतात. उघड्या पाण्यात मार्ग थोडा वाकडा होतो आणि गर्दी असते, म्हणून २३ मिनिटे धरावीत. सायकलचा त्यांचा वेग ताशी २२ किलोमीटर आहे. म्हणजे २० किलोमीटरला ५५ मिनिटे. एरवी ते ५ किलोमीटर ३२ मिनिटांत धावतात. सायकलनंतर पाय थकलेले असतात, म्हणून ३५ मिनिटे. कपडे-बूट बदलण्याची मिळून ८ मिनिटे. एकूण झाले १२१ मिनिटे, म्हणजे दोन तास एक मिनिट. ऊन, वारा, चढ यांसाठी थोडी सूट ठेवून त्यांनी सव्वादोन तासांचे ध्येय धरावे. दोन तासांच्या आत आले तर तो बोनस.

हाच हिशेब मोठ्या स्पर्धेसाठीही करावा आणि तो आयोजकांच्या वेळमर्यादेशी ताडून पाहावा. हिशेबाने आलेला वेळ मर्यादेला अगदी चिकटून असेल, तर या वर्षी लहान अंतर निवडावे. यात कमीपणा काही नाही. शिवाय घरच्यांशी बोलूनच ठरवावे. पहाटेचे तास, सुट्टीचे रविवार आणि पैसा हे सगळे अखेर कुटुंबाच्या वाट्यातून जाते.

ध्येये तीन पायऱ्यांत लिहून ठेवावीत. पहिले, धडधाकट घरी परतणे. दुसरे, हिशेबाने आलेल्या वेळेत पूर्ण करणे. तिसरे, सर्व काही मनासारखे जुळले तर गाठायची वेळ. दिवस वाईट निघाला तर तिसरे सोडावे, मग दुसरे सोडावे. पहिले कधीच सोडू नये.

खाणे-पिणे

महागड्या पावडरींवाचून काही अडत नाही. भाकरी, भात, उसळी, दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ आणि केळी यांतून सरावापुरते बळ मिळते. दीड-दोन तासांच्या स्पर्धेत एखादे केळे आणि लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी घोट घोट घ्यावे. तहानेप्रमाणे प्यावे. उगाच लिटरवर लिटर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून भोवळ, उलटी आणि त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. उकाड्याच्या ठिकाणी स्पर्धा असेल तर अगोदरचे दहा-चौदा दिवस थोडा सराव उन्हाच्या वेळी करून शरीराला सवय लावावी. स्पर्धेच्या दिवशी नवा बूट, नवा पदार्थ, नवे औषध, काहीही नवे नको.

१९८२ साली हवाईच्या स्पर्धेत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी अंतिम रेषेजवळ आघाडीवर असताना कोसळली आणि अखेर रांगत जाऊन दुसरी आली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून हजारोंना या खेळाची ओढ लागली. तिच्या जिद्दीचे कौतुक जरूर करावे. पण आपण हौशी माणसे. सोमवारी आपल्याला दुकान उघडायचे असते, शाळेत फळ्यासमोर उभे राहायचे असते. रेषा ताठ मानेने, हसत ओलांडता यावी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पोहायला जावेसे वाटावे, एवढे साधले तर पहिली स्पर्धा यशस्वी झाली असे खुशाल समजावे.