अक्षरी स्पष्टतेचे मोल

धनादेशावर रक्कम दोनदा लिहावी लागते. एकदा अंकात आणि एकदा अक्षरात. दोहोंत तफावत असल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कम ग्राह्य मानली जाते. अंकापुढे एखादे शून्य सहज वाढते; अक्षरांत तशी चूक होणे अवघड. शब्दांच्या या अधिकाराचा प्रत्यय आज संगणकक्षेत्रालाही येत आहे. त्याचे निमित्त आहे ‘एआय एजंट’.

बँकेच्या ग्राहकाला एजंट हा शब्द अपरिचित नाही. दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट अनेक गावांनी पाहिला आहे. एआय एजंट ही माणसाची भाषा समजून घेऊन सोपविलेले काम पार पाडणारी संगणकप्रणाली होय. ‘गेल्या महिन्याचे विजेचे बिल भरले गेले का?’ असे विचारल्यास ती स्वतःहून खात्यात डोकावू शकत नाही. त्यासाठी तिला ‘साधने’ दिली जातात. एक शिल्लक सांगते, दुसरे व्यवहारांची यादी आणते, तिसरे रक्कम पाठविते. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या प्रणालींना अशी साधने जोडण्याची सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही सामायिक पद्धत जाहीर केली.

साधनाच्या अंतरंगातील आज्ञावली एजंटाला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि भरावयाच्या रकान्यांची यादी. एवढ्याच मजकुरावरून कोणते साधन केव्हा आणि कसे वापरायचे, हे त्याला ठरवावे लागते. साहजिकच वर्णनातील संदिग्धता थेट कृतीत उतरते.

अँथ्रॉपिकने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अनुभव बोलका आहे. आज्ञावली लिहिणारा त्यांचा एजंट फायलींचा पत्ता देताना चुकत असे. तो ज्या कप्प्यात उभा असे, तेथून पुढचाच पत्ता सांगे आणि कप्पा बदलला की गोंधळ उडे. ‘पलीकडच्या गल्लीत’ एवढ्या पत्त्यावर पत्र पोहोचत नाही, तसाच हा प्रकार. फाईलचा पत्ता प्रत्येक वेळी मुळापासून पूर्ण द्यावा, अशी अट साधनात घालताच चुका थांबल्या. २०२५ मध्ये त्यांच्या शोधसाधनाबाबत आणखी एक गोष्ट आढळली. एजंट शोधशब्दांपुढे विनाकारण ‘२०२५’ जोडत असे. तीही साधनाच्या वर्णनात सुधारणा करून दूर करण्यात आली.

आर्थिक व्यवहारांत तर अशा त्रुटीची किंमत रोख मोजावी लागते. कित्येक ऑनलाइन भरणा प्रणाली रक्कम रुपयांत न घेता पैशांत घेतात. ५०० रुपयांसाठी ५०००० हा आकडा भरावा लागतो. रकान्यावर केवळ ‘रक्कम’ असे लिहिले असेल, तर ५०० रुपयांऐवजी ५ रुपये जाण्याचा संभव आहे. तारखेचेही तसेच. ०५/०६/२०२५ म्हणजे भारतात ५ जून, तर अमेरिकेत ६ मे.

‘खात्यातून रक्कम पाठविते’ हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘ग्राहकाच्या बचत खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम पाठविते. रक्कम पैसे या एककात लिहावी. ५०० रुपयांसाठी ५००००. पाठविलेली रक्कम या साधनाने परत घेता येत नाही. म्हणून लाभार्थीचे नाव व रक्कम ग्राहकाला दाखवून त्याची संमती घेतल्यावरच वापरावे. शिल्लक पाहण्यासाठी वापरू नये. त्यासाठी स्वतंत्र साधन आहे. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यास व्यवहार होत नाही व तसा संदेश मिळतो.’ साधन काय करते, केव्हा वापरू नये, एकक कोणते, परिणाम काय आणि अडचण आल्यास काय उत्तर मिळेल, या पाच गोष्टी येथे स्पष्ट होतात.

तथापि, शब्द म्हणजे कुलूप नव्हे. अनोळखी साधनाच्या वर्णनातच छुप्या सूचना पेरून एजंटाची दिशाभूल करता येते, हे एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जच्या सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले. म्हणूनच रकमेची मर्यादा आणि ग्राहकाची संमती यांची तपासणी मूळ प्रणालीतच असली पाहिजे. चांगले वर्णन योग्य वाट दाखविते. चुकीच्या वाटेवरचा अडसर मात्र वेगळाच बसवावा लागतो.

बँकेत नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला अनुभवी सहकारी काउंटरवरचे काम समजावून देतो, तेव्हा तो काहीही गृहीत धरत नाही. कोणती पावती कशासाठी, सही कोठे तपासायची, शंका आल्यास कोणाला विचारायचे, हे सारे तो सांगतो. यंत्रासाठी लिहिणाऱ्यानेही तेवढाच धीर बाळगणे इष्ट. नवा कर्मचारी अडला तर निदान शेजारच्या टेबलाकडे वळून विचारतो. यंत्र मात्र पुष्कळदा न विचारताच पुढे जाते.