झोप उडते, नशा नाही

सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपला की हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. कोणीतरी गादी गच्चीवर नेतं, आणि कोणीतरी हळूच विचारतं, "बसायचं का?" पूर्वी या बैठकीचा सरंजाम म्हणजे क्वार्टर, सोडा आणि चकणा. आता त्यात वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटलीही आली आहे. फंडा असा की चार रात्री जागून काढल्यात, नुसती घेतली तर दहा मिनिटांत आडवे होऊ. यात मिसळली की मजाही येते आणि झोपही येत नाही. मग दीड वाजता हाच गडी "आज चढलीच नाही यार" म्हणत बाइकची किल्ली शोधायला लागतो. हा लेख त्या किल्लीबद्दल आहे.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि 'आता पुरे, झोप' असा निरोप देतं. दारूने हा निरोप आणखी जोरात मिळतो, म्हणून पिणाऱ्याला पेंग येते. कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, त्यामुळे निरोप पोचत नाही. कॅफिनचं मुख्य काम एवढंच. रक्तातल्या दारूला ते हात लावत नाही. दारू यकृत आपल्या ठरलेल्या वेगानेच मोडतं, मग वरून एनर्जी ड्रिंक प्या, काळी कॉफी प्या नाहीतर डोक्यावर थंड पाण्याची बादली ओता. माहुलच्या रिफायनरीत कोणी अलार्म म्यूट केला म्हणून टाकीतली पातळी खाली येत नाही. आपल्या प्रोसेस कंट्रोलच्या सरांना हे उदाहरण आवडावं.

ब्राझीलमध्ये संशोधकांनी हे तपासून पाहिलं. २००६ साली छापून आलेल्या त्या प्रयोगात २६ तरुणांना वेगवेगळ्या दिवशी नुसती दारू, नुसतं एनर्जी ड्रिंक आणि दोन्ही एकत्र असं दिलं. मिश्रण घेतल्यावर डोकेदुखी, अशक्तपणा, तोंडाला कोरड आणि हातापायांचा ताळ सुटणं, हे सगळं कमी जाणवतं असं मुलांनी सांगितलं. पण हातांचा ताळमेळ आणि डोळ्यांनी पाहून प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजला, तर तो नुसत्या दारूइतकाच बिघडलेला! म्हणजे बिघाड तसाच, फक्त त्याची खबर कमी.

आता जरा गणित करू, शेवटी इंजिनिअर आहोत. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा एक पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साठ किलोच्या मुलाने रिकाम्या पोटी घेतला तर त्याच्या १०० मिली रक्तात ढोबळ मानाने ५० मिलिग्रॅम होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. एकाच पेगमध्ये आपण हद्दीबाहेर! तीन पेग म्हणजे १५०. शरीर तासाला साधारण १५ ने उतरवतं, म्हणजे तीसच्या खाली यायला आठ तास. रात्री बाराला थांबलात तर सकाळचे आठ. (बाई असेल तर आकडा आणखी चढतो, कारण शरीरात पाण्याचं प्रमाण कमी.) आणि कॅफिन? आपल्या अन्नसुरक्षा नियमांत अशा पेयाला लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिनची परवानगी आहे. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत फार तर ७५, दोन कप कडक चहाएवढं. एवढंसं कॅफिन काही राक्षस नाही. पण दीड वाजता झोप उडवायला ते पुरतं.

या जागेपणाचा धाडसाशी संबंध काय? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या दहा विद्यापीठांतल्या चार हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी २००८ मध्ये छापली गेली. त्यात मिसळून पिणारे जास्त पीत होते, आणि प्यायलेल्याच्या गाडीत बसणं, जखमी होणं असे प्रकार त्यांच्यात बरेच जास्त होते. फ्लोरिडात २०१० च्या एका अभ्यासात बारमधून बाहेर पडणाऱ्यांनाच गाठलं. मिसळून प्यायलेल्यांत 'मी आता गाडी चालवणार' म्हणणारे सुमारे चौपट निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने दारूत आधीच कॅफिन घालून डबे विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली. त्याआधी कॉलेजची पोरं हे डबे पिऊन हॉस्पिटलात पोचली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मुळात जो बेदरकार तोच असं पितो, दोष बाटलीचा नाही, असं काही संशोधक म्हणतात. नेदरलँड्समधल्या एका गटाने एकाच माणसाच्या दोन प्रकारच्या रात्रींची तुलना केली, तेव्हा मिसळल्याने नशा कमी जाणवते असं त्यांना दिसलं नाही. या गटातल्या संशोधकांना एनर्जी ड्रिंक कंपनीकडून निधी मिळाला होता, हे त्यांनीच जाहीर केलं आहे. तेवढ्यावरून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. पण एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं भांडण नाही : मिसळल्याने हात सावरत नाही.

आता आपल्या दाराशी या. जून २०१५ मध्ये मध्यरात्रीनंतर ईस्टर्न फ्रीवेवर, इथेच चेंबूरच्या बाजूला, एक मोटार उलट्या दिशेने आली आणि टॅक्सीवर आदळली. टॅक्सीचालक आणि एक प्रवासी गेले. चालवणारी व्यक्ती पेशाने वकील होती आणि ती प्यायलेली होती असा पोलिसांचा आरोप. एनर्जी ड्रिंकचा त्यात उल्लेख नाही. पण शिकलेल्या माणसालाही आपण उलट्या बाजूने चाललोय हे कळू नये, इथवर हा प्रकार जातो. फ्रीवेवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून आपली पोरं माहुल रोड धरतात. तिथे कडेला टँकर उभे असतात, कित्येकांचे मागचे दिवे बंद. अंधारात टँकरची मागची बाजू दिसून ब्रेक दाबेपर्यंत शुद्धीतल्या माणसाचीही तारांबळ उडते.

पकडलं गेलं तर पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय महाराष्ट्रात हार्ड लिकरला वयाची अट २५ आहे, म्हणजे बी.ई.ची बहुतेक पब्लिक त्यात बसतच नाही.

रूमवर कोणी जास्त घेऊन पडला, हलवून उठत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल, अंग गार पडत असेल, तर 'झोपू दे त्याला' म्हणू नका. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, दारूही आणि एनर्जी ड्रिंकही.

रेक्टर सरांना एक विनंती. अकराला गेट बंद होतं, म्हणून उशीर झालेला पोरगा एक तर सुसाट येतो नाहीतर रात्रभर बाहेर भटकतो. दीड वाजता कोणी 'सर, रिक्षाने येतोय' म्हणून फोन केला, तर आधी गेट उघडायला सांगावं. नाव, रूम नंबर आणि घरचा फोन हे सगळं सकाळी आठनंतरही विचारता येईल. वरच्या हिशोबाने तोवर तो थोडा शुद्धीवरही आलेला असेल.